अंगठा लाल आला की परत

आश्रुबा उस्ताद कधी टार्गेटकडं बघत नसत. नगरच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गोळीबाराचं मैदान आहे. वार्षिक सराव सुरू असला की सगळ्यांच्या माना पुढं, साहेबांच्या डोळ्याला दुर्बीण, आणि हा माणूस आपला रांगेच्या बाजूनं वाकून वाकून लोकांचे हात बघत फिरणार. बाजारात मेथीच्या जुड्या बघत हिंडावं तसा. एकदा एका नव्या साहेबांनी विचारलं, अहो, गोळी कुठं लागली ते नको का बघायला? तर उस्ताद म्हणाले, "साहेब, टार्गेट काय पळून जातंय व्हय? ते मागनं बी बघता येतं. हात पुन्ना तसा दिसत न्हाई."

पोलिसांत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणायची रीत आहे. आमच्या मुख्यालयात उस्ताद पुष्कळ, पण नुसतं 'उस्ताद' म्हटलं की ते आश्रुबाच. मी शस्त्रागारात ड्युटीला. पिस्तुलं मोजून द्यायची, मोजून घ्यायची, साफ झाली की नाही बघायची, आणि नसली झाली तर समोर कोण उभं आहे हे न बघता बोलायचं. मी तशी फटकळ आहे, घरी-दारी सगळीकडंच. कितीतरी वर्षं आम्ही दोघं एकाच गाडीतून मैदानावर गेलो, पेट्यांवर बसून, धूळ खात. मागच्या थंडीत ते गेले, शेवगावकडच्या त्यांच्या गावी, झोपेतच. मी त्या दिवशी बंदोबस्तात होते, मातीला जाता आलं नाही. तेव्हापासून ते सारखे डोळ्यांसमोर येतात, आणि येतात ते अंगठ्यासकट.

त्या अंगठ्याचं आधी सांगायला हवं, कारण या माणसाचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या अंगठ्यांमागं गेलं.

पिस्तुलाच्या डाव्या अंगाला, वरच्या बाजूला एक छोटी पट्टी असते. मॅगझिनमधली शेवटची गोळी उडाली की ती आपोआप वर उचलली जाते आणि पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, तो मागंच अडकून राहतो. पिस्तूल असं उघडं दिसलं की चालवणाऱ्याला कळतं, संपल्या, नवं मॅगझिन भर. आता उजव्या हाताचा अंगठा सरळ पुढं ठेवला तर तो बरोब्बर त्या पट्टीवर जाऊन बसतो. अंगठ्याखाली पट्टी दबून राहिली की ती वर येतच नाही. स्लाइड बंद होते, पिस्तूल भरल्यासारखं दिसतं, आणि माणूस ट्रिगर ओढतो तर नुसतंच टक्. मैदानावर त्या टक्‌ला लोक हसतात. बाहेर हसायला कुणी शिल्लक राहीलच असं नाही.

उस्ताद हे असं पुस्तकी सांगत नसत. ते त्या पट्टीला कडी म्हणायचे. नव्या पोरांना खाली बसवून सांगायचे, की मॅगझिन म्हणजे घर आणि गोळ्या म्हणजे पाहुणे. शेवटचा पाहुणा गेला की दार उघडं राहायला पाहिजे, म्हणजे घर रिकामं आहे हे घरधन्याला कळतं. आणि तुम्ही कडीवर अंगठा ठेवून बसलाय, दार लागून घेतंय, आणि तुम्ही रिकाम्या घराला हाका मारताय. हे सांगताना आवाज इतका बारीक, की मागच्या रांगेतल्यांना पुढं सरकावं लागायचं. जिथं सगळे ओरडतात त्या मैदानावर हा एकटा माणूस हळू बोलायचा, आणि ऐकू मात्र त्याचंच यायचं.

दिसायला काही उस्तादासारखे नव्हते. ठेंगणे, काळेसावळे, कानांवर केस. गणवेश मात्र असा कडक इस्त्रीचा, की बसताना मोडेल की काय वाटावं. उजव्या खिशात बडीशेप, जी ते एरवी मागितल्याशिवाय देत नसत आणि मागितली की मूठभर देत. डाव्या खिशात पितळेची एक लहान डबी. त्या डबीत कुंकू.

पहिल्यांदा मी ते कुंकू बघितलं त्या दिवशी भांडले होते त्यांच्याशी. मी घासूनपुसून, तेल देऊन दिलेलं पिस्तूल, आणि हे गृहस्थ करंगळीनं त्या कडीला कुंकू लावत होते. मी म्हटलं, उस्ताद, हत्यार आहे हे, दसरा नाही आज. त्यांनी समोरच्या पोराला मॅगझिन रिकामं करायला लावलं, मग त्याचा उजवा हात धरून माझ्यासमोर उताणा केला. अंगठ्याचं पोट लालभडक. पोरगं शपथेवर सांगत होतं की माझा अंगठा तिकडं गेलाच नाही. उस्ताद त्याला म्हणाले, "तू खोटं बोलत न्हाईस. तुला ठावं नव्हतं. अंगठा आपला आपन जातो."

मग एवढंच म्हणाले, "परत."

'चुकलं' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. अंगठा लाल आला की परत, आणि कोरा आला की बडीशेप. पोरं चेष्टा करायची, उस्ताद, कुंकू झालं, हळद कधी लावायची? ते म्हणायचे, आधी अंगठा सुधरू दे, मग तुझ्या लग्नात लावू. संध्याकाळी ती सगळी पिस्तुलं ते स्वतः जुन्या दात घासायच्या ब्रशनं साफ करून माझ्याकडं द्यायचे. कडीच्या फटीत लालीचा कणही राहिलेला नसायचा. मी मुद्दाम खिडकीच्या उजेडात धरून बघायची. शेवटी मीच दमले आणि बघायचं सोडलं.

अंगठे बघून बघून त्यांना माणसाचं कूळ कळायला लागलं होतं, निदान त्यांचं तसं म्हणणं होतं. ज्याच्या घरी गुरं, त्याचा अंगठा मुठीत दुमडलेला, कारण तो धार काढतो. मोबाईलवाल्या पोरांचा अंगठा जाग्यावर ठरत नाही, गोळी सुटायच्या आधीच वळवळतो. आणि पूर्वेकडच्या कोरडवाहू गावांतली, आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली पोरं असली की त्यांचा अंगठा ताठ पुढं. पाचट सोलताना कोयत्याच्या मुठीवर अंगठा पुढं लांबवून दाबायची सवय असते ना, ती हाडात बसते. असा अंगठा दिसला की ते त्या पोराजवळ जरा जास्त वेळ थांबायचे. विचारायचे, कुठल्या कारखान्यावर होतात? पोरगं चपापायचं, सांगू का नको करायचं, मग सांगायचं. ते हसून म्हणायचे की आमीबी तिकडलेच.

कधी कधी तोंडावर आपटायचेही. एका पोराला म्हणाले, घरी म्हशी किती? त्याच्या घरी शेळीसुद्धा नव्हती. भरतीच्या आधी तो नागापूरला एका कारखान्यात दिवसभर यंत्राचं बटण दाबत होता, म्हणून अंगठा दुमडलेला. उस्ताद दिवसभर आपल्याशीच हसत होते. गाडीत बसल्यावर मला म्हणाले, की आज आमचा जोतिषी फसला.

मी श्रीगोंद्याकडची, हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, उसाच्या पट्ट्यातली का? म्हटलं, हो, आमचा बारमाही ऊस. ते म्हणाले की तुमच्या बांधावर आमची कोपी असंल कवातरी. कोपी म्हणजे तोडकऱ्यांची उसाच्या पाचटाची झोपडी. मला एकदम आमच्या विहिरीजवळच्या त्या कोप्यांची रांग आठवली, आणि पहाटे थंडीत रडणारी बारकी पोरं. मी ओशाळले. मी म्हटलं, आमची आई तोडकऱ्यांना ताक द्यायची. उस्तादांनी लगेच माझी सुटका केली. "मग झालं की. ताक पिलंय म्हंजी पावनेच आपन." त्या दिवसापासून मी त्यांची माहेरवाशीण झाले. भरलेली डाळिंबं, शेवगावच्या बाजारातली गावठी लसूण, काय काय आणून द्यायचे. मी घेतलं नाही तर पेटीवर ठेवून निघून जायचे.

माणसाची इभ्रत सांभाळायची त्यांची एक तऱ्हा होती. आमचे एक हवालदार होते, त्यांना शिंदे म्हणू. धिप्पाड गडी, पंजा सुपाएवढा. त्यांच्या हातात पिस्तूल गेलं की मॅगझिन अर्धं भरलेलं असतानाच स्लाइड मागं अडकून बसायची. त्यांचा रोग उलटा. अंगठा कडीच्या खालून वर रेटायचा, त्यामुळं पाहुणे घरात असतानाच दार उघडं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा अडकलं तसे ते माझ्यावर घसरले. सगळ्यांदेखत म्हणाले, की शस्त्रागारात बायका बसवल्यावर असलंच भंगार मिळायचं. माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात उस्ताद मध्ये आले. त्यांनी तेच पिस्तूल घेतलं, शिंद्यांच्या अंगठ्याला आपला रुमाल बांधून तो खाली मनगटाकडं ओढून धरला, आणि म्हणाले, आता मारा. सगळ्या गोळ्या सुरळीत गेल्या, शेवटी पिस्तूल उघडं राहिलं. शिंदे लाल झालेले. उस्ताद मोठ्यानं म्हणाले, हत्यारात खोट नव्हती आन हवालदारातबी न्हाई, एवढा मोठा पंजा बघून ते बिचारं घाबरलं हुतं. सगळे हसले, शिंदेही हसले. आणि गाडीकडं जाताना त्यांनी शिंद्यांना बाजूला घेऊन काय सांगितलं देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी शिंदे माझ्या खिडकीशी येऊन चहा ठेवून गेले. मीही चहा प्यायले आणि विषय संपवला.

असा हा माणूस. सगळ्या जिल्ह्याचे अंगठे जाग्यावर बसवणारा. आणि त्याला हात लावता येत नव्हता तो एकच अंगठा, सारिकाचा.

सारिका म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. भरती होऊन आमच्याच जिल्ह्यात शिपाई म्हणून लागली होती. आई वारलेली, क्वार्टरमध्ये दोघं बापलेक. पोरगी चपळ, बोलायला कमी, बघायला धारदार. शाळेत असल्यापासून तिच्या मनात एकच होतं, जलद प्रतिसाद पथक, ज्याला आम्ही क्यूआरटी म्हणतो. काळे कपडे घालून गाडीतून उडी मारणारी ती माणसं तिनं क्वार्टरच्या गच्चीवरून बघितलेली होती. धावण्यात, दोरावर चढण्यात तिच्या पुढं कुणी नव्हतं. पण निवडीत पिस्तुलाची एक चाचणी असते. एक मॅगझिन संपवायचं, झटकन दुसरं भरायचं आणि तेही संपवायचं, ठरलेल्या वेळात. सारिका पहिलं मॅगझिन संपवायची, आणि मग टक्. रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर. मग तिला कळायचं, मग मॅगझिन बदलायचं, मग बंद झालेली स्लाइड हातानं ओढायची. तोवर वेळ संपलेली. पहिल्या खेपेला ती तिथंच नापास झाली. दुसरी खेप दोन महिन्यांवर होती, आणि वयाच्या अटीत ती तिची शेवटचीच. उस्तादांची निवृत्तीही त्याच सुमाराला.

मैदानावर ती बापाला 'उस्ताद' म्हणायची आणि ते तिला 'शिपाई' म्हणायचे. तिच्या जागेपाशी आले की त्यांची पावलं पटकन पडायची, पुढच्या माणसाकडं. तिच्या कडीला त्यांनी कधी कुंकू लावलं नाही, ती जवळ असली की डबी खिशातून बाहेरच काढत नसत. लोकांना वाटायचं, 'बापानं पास केली' असं कुणी म्हणू नये म्हणून हे सगळं. मलाही तसंच वाटायचं. पण तिच्या त्या टक्‌चा आवाज आला की ते डोळे मिटायचे, हे मी बघितलेलं होतं. म्हणून एक दिवस मी गप्प बसले नाही. मैदानाच्या कडेला एक कडुलिंब आहे, त्याखाली आम्ही डबा खात होतो. मी सरळ विचारलं, की सगळ्या गावाला शिकवता आणि लेकीला नाही, हा कुठला न्याय? नियम पाळताय की सूड उगवताय?

त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली. मग सांगितलं, तुकड्या तुकड्यानं. ऊसतोडीत एकट्या माणसाला कुणी धरत नाही. दोन माणसं मिळून एक कोयता. बहुतेक नवरा-बायको. हे पोलिसांत लागले तेव्हा वडील वारलेले होते आणि आई अजून तोडीला जात होती. तिला जोडीदार नाही. म्हणून यांची बायको, चंद्रकला, सासूबरोबर जायला लागली. सासू आणि सून मिळून एक कोयता. क्वार्टर मिळेपर्यंत म्हणता म्हणता वर्षं गेली, आणि सारिका उसातच वाढली. सहा-सात वर्षांची असताना तिच्या हातात बारका कोयता आला.

"तिच्या आईनं वरनं हात धरून शिकीवलं तिला पाचट सोलायला," उस्ताद म्हणाले. "मी हितं नगरला इस्त्रीची कापडं घालून लोकांस्नी निशाना शिकवत हुतो. तो अंगठा तिथं मीच ठिवला, मंगल. आता मी कुठल्या तोंडानं तो हलवू?"

मला रडत बोलता येत नाही. मी म्हटलं, "उस्ताद, अंगठा तोंडानं नाही हलवत. हातानं हलवतात. तुम्हीच शिकवलंय."

ते हसले नाहीत. भाकरी फडक्यात बांधली आणि उठले.

पुढच्या सरावाला ते माझ्याकडं आले आणि डाव्या खिशातली डबी माझ्या हातात दिली. म्हणाले, शिपायाच्या कडीला तू लाव, माझ्या हातनं व्हायचं न्हाई. आणि जाऊन लिंबाखाली उभे राहिले. मी सारिकाजवळ गेले, तिच्या पिस्तुलाच्या कडीला करंगळीनं कुंकू लावलं. ती पिस्तुलाकडं बघत नव्हती. माझ्या हातातल्या डबीकडं बघत होती. झाकणावर एका बाजूला पोचा होता, त्यावर तिनं बोट टेकवलं.

"ही माझ्या हातून पडलेली," ती म्हणाली. "आईची आहे ही. क्वार्टर बदलताना हरवली म्हणून मी किती शोधली."

मी नुसतं लिंबाकडं बघितलं. इतकी वर्षं आम्ही ती डबी बघत होतो. बायकोच्या पाठीमागं उरलेलं तिचं कुंकू त्यांनी असं खिशात घालून आणलं असेल आणि संपलं की बाजारातून भरून घेत असतील, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. सारिका पुढं वळली, मॅगझिन रिकामं केलं, आणि शेवटी टक्. तिनं अंगठा उलटा करून बघितला. लाल. ती त्या लालीकडं बघत राहिली, आणि मग अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"आण्णा, इकडं या."

उस्ताद नाही, आण्णा. रांगेतल्या सगळ्यांनी वळून बघितलं आणि लगेच माना फिरवल्या. पोलिसांना एरवी एवढी अक्कल नसते, पण त्या दिवशी होती. ते आले. इस्त्रीचे कपडे, चालणं मात्र आजाऱ्यासारखं. तिनं पिस्तूल खाली ठेवून दोन्ही हात त्यांच्यापुढं केले. त्यांनी ते हातात घेतले. थोडा वेळ तसेच धरून राहिले, मग त्यांचा तो बारीक आवाज आला.

"कोयता शिकताना आईचा हात कुठं असायचा तुझ्या?"

"वरनं."

"मग झालं. हा डावा हात आईचा समज. तिचा अंगठा वर, तुझा खाली. तुझा वाकव जरा. तिच्या अंगठ्याखाली दबून ऱ्हाऊ दे."

त्यांनी पिस्तूल पुन्हा तिच्या हातात दिलं, तिचा उजवा अंगठा खाली वाकवला आणि डावा त्याच्यावर आणून ठेवला. कडीपासून दोन्ही दूर. मी पुन्हा कुंकू लावलं. तिनं पुन्हा मॅगझिन रिकामं केलं, आणि शेवटच्या गोळीला पिस्तूल उघडं राहिलं. अंगठा कोरा. उस्तादांनी उजव्या खिशात हात घातला आणि तिच्या तळव्यावर बडीशेप ठेवली, कुठल्याही शिपायाला द्यावी तशी. तिनं ती तोंडात टाकली, माझ्या हातातली डबी घेतली, पदरानं पुसावी तशी बाहीनं पुसली आणि त्यांच्या डाव्या खिशात घालून बटण लावून दिलं. मला वाटलं होतं ती घरी घेऊन जाईल.

एका दिवसात काही सवय मोडत नाही. त्यानंतरही कैक वेळा लाल आला, कैक वेळा परत झालं. घाईत असली की अंगठा हळूच वर सरकायचा, जुन्या जागी. आता मात्र उस्ताद तिच्यापाशी थांबायचे. लोक काही बोलले का? एकदोघं बोलले. त्यांना मी माझ्या खिडकीतून काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

चाचणीच्या दिवशी बाहेरचे अधिकारी आले होते. उस्तादांनी साहेबांना सांगून आपली ड्युटी रांगेवरून काढून घेतली होती. मी पिस्तुलं वाटून मोकळी झाले आणि त्यांना शोधत लिंबाकडं गेले. ते मैदानाकडं पाठ करून उभे होते, डोंगराकडं तोंड. टार्गेटकडं न बघणारा माणूस त्या दिवशी हातांकडंही बघत नव्हता. मी जवळ उभी राहिले तर त्यांनी मान हलवली, म्हणजे बोलू नको. पोरीपोरांची नावं पुकारली जात होती. सारिकाचं नाव आलं तशी त्यांची मान ताठ झाली.

शिट्टी झाली. पहिल्या गोळ्या सुटल्या, एकामागून एक, एका लयीत. मग थांबल्या.

लिंबापर्यंत टक् ऐकू येत नाही. पण ते थांबणं ऐकू येतं. थांबणं लांबलं की समजायचं, रिकाम्या घराला हाक गेली, आता स्लाइड ओढत बसली असेल. उस्ताद पुटपुटत होते, बहुतेक बायकोचं नाव असावं, मला नीट कळलं नाही. आणि मनात धसका बसायच्या आत पुढची गोळी सुटली. मग तिच्यामागून बाकीच्या, त्याच लयीत, वेळेच्या शिट्टीच्या आधी सगळ्या. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सारिकाच्या मैत्रिणी असणार, कारण नियमात ते बसत नव्हतं.

मी वळून उस्तादांकडं बघितलं. त्यांचे दोन्ही हात छातीपाशी धरलेले होते, एकात एक गुंतवून. उजवा अंगठा वाकवून खाली, डावा त्याच्यावर. पिस्तूल धरतात तसे. मधल्या पोकळीत ती डबी होती. दाबून दाबून तिचं झाकण कधीच निसटलं होतं, आणि कुंकू दोन्ही अंगठ्यांवरून मनगटांपर्यंत, इस्त्रीच्या बाहीपर्यंत उतरलं होतं. त्यांना पत्ताही नव्हता.

मी म्हटलं, "उस्ताद, अंगठा लाल आलाय."

त्यांनी हात उघडून बघितले. "परत," म्हणाले, त्याच बारीक आवाजात, आणि ते तसेच हात तोंडावर घेऊन रडायला लागले. मीही रडले. सांगायला लाज वाटत नाही.

पुढं महिनाभरानं ते निवृत्त झाले. हारतुरे, भाषणं सगळं झालं, मी तिथं होतेच, पण त्यातलं मला फारसं काही आठवत नाही. आठवतं ते हेच, की सारिका मैदानावरून धावत लिंबाखाली आली तेव्हा बापाचं सगळं तोंड कुंकवानं माखलेलं होतं. ती निकाल सांगायला आली होती, तोंड उघडलंही होतं. पण आधी तिनं त्यांचे दोन्ही हात धरले, उताणे केले आणि अंगठे बघितले.